पॉपकॉर्न आधी की लाह्या?

श्रावण लागला की आपल्या अंबरपेठेत रस्त्याच्या कडेला मक्याच्या गाड्या दिसू लागतात. पावसाची भुरभुर, लालबुंद निखारे, त्यावर फिरणारं कणीस आणि मग लिंबू-तिखट-मीठ. घरातल्या मुलांचा श्रावण त्या गाडीपासून सुरू होतो. माझा श्रावण मात्र एका धास्तीने सुरू होतो. ती म्हणजे पंचमीच्या लाह्या.

माझ्या सासूबाई नांदेड जिल्ह्यातल्या. लग्न होऊन हैदराबादेत आल्या, इथलं हिंदी शिकल्या, शेजारच्या अक्कांशी मोडक्या तेलुगूत गप्पा मारायला शिकल्या, पण नागपंचमीच्या लाह्या कधी विकत आणू दिल्या नाहीत. आदल्या दिवशी जोंधळ्याच्या लाह्या घरीच फोडायच्या. पंचमीला तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही. दिंडं उकडायची आणि नागोबाला दूध-लाह्यांचा नैवेद्य. लाह्या फोडताना त्यांच्या हातात काठीला बांधलेला फडक्याचा बोळा असायचा आणि लोखंडी कढईत नुसती चांदण्यांची बरसात चाललेली असायची.

त्या गेल्यानंतरच्या पहिल्या पंचमीला मी लाह्या करायला बसले. तीच कढई, तोच बोळा, दुकानातली स्वच्छ निवडलेली ज्वारी. पण निम्मे दाणे फुटलेच नाहीत. नुसते करपले. वाटीभर लाह्या आणि वाटीभर गणंग. दुसऱ्या वर्षी मुकाट्याने बाजारातून पाकीट आणलं. यंदा पुन्हा धीर केला, एका नातेवाईक मावशींना फोन करून पद्धत नीट विचारून घेतली आणि लाह्या फुटल्या! अकरा वर्षांची लेक आवाज ऐकून धावत आली. मूठभर तोंडात टाकून म्हणाली, "आई, हे तर बेबी पॉपकॉर्न आहेत! म्हणजे आपण अमेरिकेची कॉपी केली की त्यांनी आपली?"

प्रश्न मजेचा होता, पण उत्तर मला येत नव्हतं. ते शोधायला बसले आणि हा लेख झाला.

दगडासारखं बी असलेलं गवत

पॉपकॉर्न म्हणजे मक्याची लाही. तेव्हा सुरुवात मक्यापासून करू.

मक्याचं मूळ मेक्सिकोत. तिथल्या नैर्ऋत्य भागात बाल्सास नावाच्या नदीचं खोरं आहे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी टिओसिंटे नावाच्या रानटी गवतापासून मका घडवायला सुरुवात केली. घडवायला असं म्हणते, कारण टिओसिंटे पाहिलं तर हा मक्याचा पूर्वज आहे यावर विश्वास बसणार नाही. त्याच्या बोटाएवढ्या कणसात जेमतेम पाच ते बारा दाणे, आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या टणक कवचात बंद. शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी मोठं कणीस, जास्त दाणे, मऊ कवच असं निवडत निवडत बी राखलं आणि त्यातून आजचा मका उभा राहिला.

मग प्रश्न येतो की एवढं टणक बी लोकांनी खाल्लं तरी कसं? जॉर्ज बीडल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३९ साली एक साधा प्रयोग जाहीर केला. टिओसिंटेचे दाणे तापवले, तर ते चक्क फुटतात! कवच फोडून पांढरी लाही बाहेर येते. कदाचित मका माणसाच्या जेवणात आला तो लाहीच्या वाटेनेच, असा त्याचा कयास होता. (हेच बीडल पुढे १९५८ साली जनुकांवरच्या कामासाठी नोबेलचे मानकरी झाले.)

पॉपकॉर्न किती जुनं, याचा पुरावा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात सापडला. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर वाका प्रिएता आणि पारेदोनेस ही प्राचीन वस्त्यांची ठिकाणं आहेत. तिथल्या उत्खननातली मक्याची कणसं, सालं आणि ताटं यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातले सर्वांत जुने अवशेष सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीचे निघाले आणि त्यांत लाहीच्या मक्याचे वाण होते. विशेष म्हणजे त्या भागात तेव्हा मातीची भांडी घडवायलाही सुरुवात झाली नव्हती. लाहीला भांडं लागतंच असं नाही. निखारा आणि गरम राख पुरते. स्वयंपाकघराच्या आधी लाही होती, असं म्हणायला हरकत नाही.

फुलांच्या माळा आणि देवाच्या गारा

स्पॅनिश लोक १६व्या शतकात मेक्सिकोत पोचले तेव्हा अझ्टेक लोकांच्या देवघरात त्यांना मक्याच्या लाह्या दिसल्या. बर्नार्दिनो दे साहागून नावाच्या धर्मोपदेशकाने तिथल्या चालीरीती तपशिलाने लिहून ठेवल्या आहेत. त्यात तो सांगतो की सणाला तरुण मुली लाह्यांच्या जाड माळा घालून नाचत. लाहीला तिथे मोमोचित्ल म्हणत. पाण्याच्या देवापुढे त्या उधळत, कारण त्यांच्या लेखी त्या लाह्या म्हणजे गारा होत्या. दाणा फुटून अगदी पांढरं फूल होतं, असंही त्याने नोंदवलं आहे.

हे वाचताना मला आपलं लक्ष्मीपूजन आठवलं. पाटावर साळीच्या लाह्या आणि बत्तासे. अर्ध्या पृथ्वीच्या पलीकडचे लोक, एकमेकांची गंधवार्ताही नसलेले, आणि दोघांनाही देवापुढे ठेवायला सुचलं ते हेच पांढरं फूल.

अझ्टेकांची आणखी एक गंमत. त्यांच्याकडे राजगिऱ्यालाही फार मान होता. राजगिऱ्याच्या पिठात मधासारखा गोड रस मिसळून ते देवांच्या मूर्ती घडवत, आणि म्हणूनच नव्या स्पॅनिश सत्तेचा त्यावर रोष झाला. आजही मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्यांची गोड वडी मिळते. तिचं नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. चव, रूप सगळं आपल्या राजगिऱ्याच्या वडीसारखं. उपासाला आपण निःशंकपणे खातो तो हा राजगिरा मुळात अमेरिका खंडातला आहे, हे आमच्या सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग डब्याकडे पाहिलं असतं!

आपल्या लाह्यांचं वय

आता लेकीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आपल्याकडे काय होतं?

लाही हा शब्द संस्कृतातल्या 'लाजा' या शब्दावरून आला. लाजा यजुर्वेदाच्या संहितांमध्ये भेटतात, म्हणजे हा शब्द अडीच हजार वर्षांहून कितीतरी जुना. लग्नातला लाजाहोम तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीत सोडते. आश्वलायन गृह्यसूत्रात हा विधी जवळजवळ असाच सांगितलेला आहे. आपण लग्नात कॅमेऱ्याकडे पाहत हसत असतो, तेव्हा आपल्या हातातून निसटणारी ती लाही दोन-अडीच हजार वर्षांची वाट चालून आलेली असते.

या लाह्या तांदळाच्या, म्हणजे साळीच्या. सालासकट भात तापवला की दाणा फुटतो आणि साल गळून पडतं. चुरमुरे वेगळे. ते साल काढलेल्या, उकडून वाळवलेल्या तांदळापासून तापल्या वाळूत फुगवतात. म्हणून चुरमुरा लांबट आणि बंद असतो, तर लाही फुलासारखी उमललेली. चरकसंहितेत लाह्यांची पेज सांगितली आहे, आणि उलट्या होत असलेल्या मुलाला लाह्यांचं पाणी चमचा चमचा पाजणाऱ्या आज्या आपल्यातल्या अनेकांना आठवत असतील.

जोंधळ्याची लाही त्या मानाने दख्खनची. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानात ती पाच हजार वर्षांहून आधी लागवडीखाली येत होती आणि तिथून समुद्रमार्गे हजारो वर्षांपूर्वीच भारतात पोचली. काळ्या जमिनीत, कमी पावसात ती अशी रुजली की दख्खन म्हणजे ज्वारी असंच समीकरण झालं. आपण तिला जोंधळा म्हणतो, तेलुगू माणूस जोन्ना म्हणतो, कानडी माणूस जोळ म्हणतो. तीन भाषा, तीन राज्यं, पण ताटात एकच भाकरी.

आणि लाही नुसती ताटात नाही, ती आपल्या बोलण्यातही आहे. उन्हाने किंवा रागाने 'अंगाची लाहीलाही' होते, ती याच लाहीवरून. मे महिन्यात हैदराबादेत राहणाऱ्याला हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही.

मका आला आणि लाह्यांच्या डब्यात जाऊन बसला

कोलंबसाच्या माणसांनी १४९२ साली क्युबात मका पाहिला. पुढच्या शंभर वर्षांत तो जगभर पसरला. भारतात तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून १६व्या शतकात आला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

याला फाटा देणारा एक दावा मात्र आहे आणि तो आपल्या शेजारच्या कर्नाटकातला. म्हैसूरजवळ सोमनाथपूरला होयसळांनी १३व्या शतकात बांधलेलं केशवमंदिर आहे. तिथल्या काही मूर्तींच्या हातात मक्याच्या कणसासारखं काहीतरी दिसतं. ते मक्याचंच कणीस आहे, असं १९८०च्या दशकात दोन अमेरिकन अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे कोलंबसाच्या आधीच मका भारतात! पण बहुतेक संशोधकांनी हे मान्य केलेलं नाही. ते मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ, मुक्ताफळ, असावं असं त्यांचं म्हणणं. सोमनाथपूरला गेलात तर स्वतः पाहा. मुलांना वाद घालायला विषय छान आहे.

नव्या पाहुण्याला नाव काय द्यायचं हा प्रश्न सगळीकडे पडला. इटलीत त्याला 'तुर्की धान्य' म्हणू लागले. आपल्याकडच्या मका-मक्का या नावाचा संबंध अरबस्तानातल्या मक्केशी जोडला जातो. ज्या दिशेने आला असं वाटलं, त्या दिशेचं नाव. दख्खनेतल्या लोकांनी मात्र त्याला ओळखीच्या धान्याच्या रांगेत बसवलं. तेलुगूत मक्याला मोक्कजोन्ना म्हणतात, कानडीत मेक्केजोळ, तमिळमध्ये मक्काचोळम. या सगळ्यांत दुसरा अर्धा शब्द ज्वारीचा आहे! म्हणजे मका ही एक प्रकारची ज्वारीच, असं इथल्या शेतकऱ्याने ठरवलं.

माझ्या मते लेकीच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडतं. मका इथे आला तेव्हा त्याच्यासाठी काही नवीन शोधावं लागलं नाही. लाही हा शब्द होता, कढई होती, भडभुंज्याची तापलेली वाळू होती, खाण्याचे सण होते. मक्याचे दाणे त्याच वाळूत पडले आणि 'मक्याच्या लाह्या' झाल्या. आजही आजी पॉपकॉर्नला मक्याच्या लाह्याच म्हणते. ते तिचं अडाणीपण नव्हे, तोच त्याचा इथला खरा पत्ता आहे. कुणी कुणाची कॉपी केली नाही. दाणा तापवला तर फुटतो, हा शोध माणसाला ठिकठिकाणी, वेगवेगळ्या धान्यांत, आपापला लागला.

शिकागो, सिनेमा आणि सिकंदराबाद

मग पॉपकॉर्न 'अमेरिकन' कसं झालं? १९व्या शतकात. अमेरिकेतल्या घराघरांत ते तोवर पोचलं होतं, पण त्याचा मोठा धंदा झाला तो यंत्रामुळे. शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्स यांनी वाफेवर चालणारं लाह्यांचं यंत्र बनवलं आणि १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ते लोकांपुढे आणलं. ते चाकांवरच्या गाडीत बसवता येई, म्हणजे जिथे गर्दी, तिथे लाह्या.

१८९३, शिकागो म्हटल्यावर काही आठवलं? त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने तिथे सर्वधर्मपरिषद भरली आणि सप्टेंबरात स्वामी विवेकानंद तिथे बोलले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते आपल्या गावात होते. १३ फेब्रुवारी १८९३ रोजी सिकंदराबादच्या महबूब कॉलेजात त्यांचं भाषण झालं, विषय होता त्यांच्या पश्चिमेकडच्या प्रवासाचा हेतू. स्वामीजींनी शिकागोत पॉपकॉर्न खाल्लं का, ते मी सांगणार नाही. पण एकाच वर्षी, एकाच शहरात दोन गोष्टी जगाला माहीत झाल्या, एवढं खरं.

सिनेमागृहात पॉपकॉर्न सुरुवातीला नको होतं. थिएटरवाल्यांना वाटे, गालिचे खराब होतील आणि चावण्याचा आवाज होईल. लोक बाहेरच्या गाडीवरून घेऊन लपवून आत नेत. १९३०च्या दशकात अमेरिकेत महामंदी आली. हातात पैसा नाही, पण पाच-दहा सेंटची लाह्यांची पिशवी परवडायची. थिएटरवाल्यांनी मग दारातच यंत्र बसवलं आणि अनेकांचा धंदा त्यावर तरला. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग झालं, गोळ्या-चॉकलेटं मिळेनाशी झाली आणि मिठाची लाही आणखीच घट्ट बसली. महामंदीत गरिबाचा खाऊ म्हणून आत आलेली वस्तू आज मल्टिप्लेक्समध्ये तिकिटाच्या बरोबरीने महाग आहे!

मायक्रोवेव्हची कथाही अशीच. १९४५च्या सुमारास पर्सी स्पेन्सर या अमेरिकन अभियंत्याने रडारच्या नळीजवळ अन्न तापतं हे हेरलं आणि पहिल्या प्रयोगांत मक्याचे दाणे ठेवून पाहिले. ते फुटले. पुढे आपल्या घरांत जी तयार पाकिटं आली, त्यांतलं अ‍ॅक्ट टू हे नाव तुम्हाला माहीत असेल. भारतात ते विकणाऱ्या अ‍ॅग्रो टेक फूड्स या कंपनीचं कार्यालय अनेक वर्षं आपल्या सिकंदराबादेत होतं.

दाण्यातला थेंब

आता माझ्या गणंगांकडे येते.

लाहीच्या दाण्याला तीन गोष्टी लागतात. बाहेर चिवट, न फुटकं साल. आत कडक, काचेसारखं पिष्ट. आणि त्या पिष्टात थोडं पाणी. दाणा तापला की आतल्या पाण्याची वाफ होऊ पाहते, पण साल तिला सोडत नाही. पिष्ट खळीसारखं मऊ होतं. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहापट होतो. आपल्या कुकरमध्ये तो साधारण दुप्पट असतो, यावरून कल्पना करा. मग साल हरतं. वाफ सुटते, मऊ पिष्टाचा फेस होऊन फुलतो आणि बाहेरच्या हवेत लगेच गार होऊन तसाच थिजतो. तो थिजलेला फेस म्हणजे लाही.

२०१५ साली फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. १७० अंशांवर जेमतेम एकतृतीयांश दाणे फुटले, १८० अंशांवर १००पैकी ९६! दाणा उडी कसा मारतो, तेही दिसलं. फुटताना पिष्टाचा एक 'पाय' आधी बाहेर येतो, भांड्याला रेटा देतो आणि दाणा कोलांटी घेतो. आणि 'फट्' हा आवाज साल फाटण्याचा नाही, तर कोंडलेली वाफ सुटण्याचा.

पण सगळ्यांत महत्त्वाचं पाणी. पॉपकॉर्नच्या मक्यात साधारण १४ टक्के ओल लागते. त्याहून कोरडा दाणा फुटत नाही, फार ओला फुटला तरी चिवट होतो. म्हणूनच डब्यात वर्षभर राहिलेल्या मक्याचे गणंग जास्त निघतात.

हे वाचलं आणि मला मावशींचं फोनवरचं वाक्य आठवलं. "अगं, ज्वारी आदल्या रात्री कढत पाण्यातून काढून फडक्यात बांधून नाही का ठेवायची?" सासूबाई ते करत होत्या. मी ते पाहिलंही होतं. पण मला ते धान्य धुण्यासारखं वाटलं होतं. दाण्यात मोजून एक थेंब परत भरायचा आणि रात्रभर तो सगळीकडे सारखा पसरू द्यायचा, ही त्यामागची युक्ती होती. त्यांनी ओलीची टक्केवारी कधी ऐकली नव्हती. हाताला दाणा लागला की त्यांना कळायचं. आणि ते ज्ञान आमच्या घरातून एका पिढीत, कुणाच्याही लक्षात न येता, जाता जाता राहिलं.

शेजारचा डबा

खरं तर आपण लाह्यांच्या बाबतीत फार मोक्याच्या गावात राहतो. ज्वारी-बाजरीवर काम करणारी इक्रिसॅट ही जागतिक संस्था १९७२पासून पटणचेरूला आहे. भारतीय भरडधान्य संशोधन संस्था राजेंद्रनगरला आहे. आपल्या अंबरपेठेतही मक्याचं संशोधन केंद्र होतं. आज जिथे घरं आणि वाहनांची गर्दी दिसते, त्या भागात एके काळी मक्याच्या वाणांच्या चाचण्या चालत. १९६१ साली देशात पहिल्यांदा संकरित मक्याचे वाण आले, त्यांतल्या एकाचं नाव होतं 'डेक्कन'. भारतातल्या पॉपकॉर्नच्या वाणांत एक 'अंबर पॉपकॉर्न' आहे. तिकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी ज्वारीचा वाण काढला, त्याचं नाव 'फुले पंचमी'. नागपंचमी संशोधकांच्याही ध्यानात होती तर!

आणि संस्थांपेक्षा जवळचं म्हणजे शेजार. आषाढी एकादशीला तेलंगणात तोली एकादशी म्हणतात. त्या दिवशी घरोघरी पेलाल पिंडी होते. ज्वारीच्या किंवा मक्याच्या लाह्या दळायच्या, त्यात गूळ आणि वेलची घालायची. पेलालु म्हणजे लाह्या. दर वर्षी शेजारच्या अक्का हा डबा घेऊन यायच्या, आणि दर वर्षी सासूबाईंचा त्या दिवशी निर्जळी नसला तरी कडक उपास. एकादशीला धान्य कसं खाणार? त्या डबा देवापाशी ठेवत, द्वादशीला पारणं सोडताना पहिला घास त्याचा घेत, आणि तीन-चार आठवड्यांनी पंचमी झाली की तोच डबा आपल्या लाह्यांनी भरून परत पाठवत. रिकामा डबा परत करायचा नाही, ही दोन्ही घरांची रीत.

दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. पण पेलालु आणि लाह्या यांत दुभाष्या लागला नाही. सासूबाई गेल्यावर दोन वर्षं मी अक्कांचा डबा बाजारच्या मिठाईने भरून दिला. त्या काही बोलल्या नाहीत. यंदा लाह्या भरून दिल्या, तर झाकण उघडून त्यांनी एक लाही तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "अम्माजी जैसाच है."

करून पाहा

भाकरीच्या प्रत्येक ज्वारीची लाही चांगली होत नाही. बारीक, टणक, साल न फुटलेला दाणा हवा. दुकानदाराला 'लाह्यांची ज्वारी' म्हणून विचारा. संध्याकाळी ज्वारी कढत पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून लगेच निथळा. सुती फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवा. सकाळी तासभर पसरून वरचं पाणी सुकू द्या. दाणा हाताला कोरडा, पण दाताखाली किंचित मऊ लागला पाहिजे. लोखंडी कढई चांगली तापवा, तेल नको. एका वेळी मूठभरच दाणे टाका, फडक्याच्या बोळ्याने सतत फिरवा आणि फुटायला लागले की वर जाळीचं झाकण धरा. तडतड थांबली की लगेच काढा. चाळून गणंग वेगळे करा. लहान मुलांना कढईपासून लांब ठेवा, पण ऐकू येईल इतक्या जवळ बसवा.

मक्याचे दाणे जुने झाले असतील तर बरणीत चमचाभर पाणी घालून झाकण लावा, हलवा आणि तीन-चार दिवस ठेवा. गणंग कमी होतील.

लेकीला मी उत्तर दिलं, "कॉपी कुणीच केली नाही. त्यांचा दाणा मक्याचा, आपला साळीचा आणि जोंधळ्याचा. मग त्यांचा मका आपल्याकडे आला आणि आपण त्याला लाही म्हटलं." तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग पुढच्या वर्षी फडक्यात मी बांधू?"

तुमच्या घरात लाह्या फोडता येणारं कुणी असेल, आजी, मावशी, काकू, तर या पंचमीच्या आधी त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसा. कृती लिहून घ्याच, पण भिजवलेला दाणा एकदा त्यांच्या हातून आपल्या हातात घेऊन पाहा. किती ओला, किती कोरडा, ते कागदावर लिहिता येत नाही.